उत्तर बरोबर, गुण शून्य: चाळीतल्या मंडळींच्या ऑनलाइन खेळाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातल्या माणसांची नावं दिलेली नाहीत. चाळीत एकमेकांना ज्या नात्याने हाक मारतात, तीच इथे ठेवली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी या गटात खेळाडू म्हणून होते. नियम ठरवणाऱ्यांत नव्हते, पण ठरवताना झालेल्या चर्चा ऐकल्या आणि सगळ्यांना विचारूनच हे लिहिते आहे. मित्रमंडळींनी खेळायच्या एका साध्या खेळावर इतकं लिहायचं कारण एवढंच की, या खेळाच्या निमित्ताने गट जवळजवळ मोडला होता आणि तो सावरला गेला तो काही विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांमुळे.

पार्श्वभूमी

लालबाग-परळ भागातली एक चाळ पुनर्विकासाला गेली. एका गॅलरीत वाढलेली माणसं कल्याण, डोंबिवली, वसई, ठाणे अशी पांगली. २०२०च्या मार्चमध्ये लोकल सर्वसामान्यांसाठी बंद झाली, तेव्हा या मंडळींनी शनिवारी रात्री जेवणं उरकल्यावर व्हिडिओ कॉल करायला सुरुवात केली. १ फेब्रुवारी २०२१ला ठरावीक वेळांत का होईना, लोकल पुन्हा सगळ्यांसाठी सुरू झाली. कामं मार्गी लागली, तरी शनिवारचा कॉल टिकून राहिला.

बोलणं मात्र आटत गेलं. कोणाची तब्येत, कोणाच्या मुलाची बारावी, नव्या इमारतीचा ताबा कधी मिळणार, एवढं झालं की शांतता. मग एकेक कॅमेरा बंद व्हायचा. गटातला सगळ्यात लहान, ज्याला सगळे ‘धाकटा’ म्हणतात, ठाण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने ‘फॅमिली फ्यूड’ खेळायचं सुचवलं.

हा कार्यक्रम अमेरिकेत एबीसी वाहिनीवर १२ जुलै १९७६ला सुरू झाला. मार्क गुडसन आणि बिल टॉडमन यांच्या कंपनीची ती निर्मिती, आणि पहिला सूत्रसंचालक रिचर्ड डॉसन. २०१०पासून स्टीव्ह हार्वी तो चालवतो, आणि यूट्यूबवर आपल्याकडे जे तुकडे फिरतात ते बहुतेक त्याचेच. ब्रिटनमध्ये हाच खेळ १९८०मध्ये ‘फॅमिली फॉर्च्युन्स’ या नावाने आला. खेळ असा: शंभर माणसांना आधीच एक प्रश्न विचारलेला असतो. त्यांची जास्तीत जास्त वेळा आलेली उत्तरं फलकावर झाकलेली असतात, आणि जितक्या माणसांनी ते उत्तर दिलं तितके त्याचे गुण. पाच-पाच जणांची दोन कुटुंबं ती ओळखतात. सुरुवातीला दोन्हीकडचा एकेक जण समोरासमोर येतो, आणि आधी बझर दाबणारा आधी उत्तर देतो. ज्याचं उत्तर फलकावर वर असेल, त्याच्या कुटुंबाला खेळायचा हक्क मिळतो. तीन उत्तरं चुकली की डाव समोरच्यांकडे जातो. त्यांनी एकच उत्तर द्यायचं. ते फलकावर असलं तर जमलेले सगळे गुण त्यांचे. ज्यांचे ३०० गुण आधी होतील, ते शेवटच्या ‘फास्ट मनी’ फेरीला जातात. तिथे एकाच कुटुंबातल्या दोघांना तेच पाच प्रश्न विचारतात, पहिल्याला २० सेकंद आणि दुसऱ्याला २५. दोघांचे मिळून २०० गुण झाले की बक्षीस.

आपल्याकडे २०००पासून घरोघरी पाहिलेल्या ‘कौन बनेगा करोडपती’पेक्षा याची जात वेगळी आहे. तिथे उत्तर पुस्तकात सापडतं. हरलेला माणूस घरी जाऊन पुस्तक उघडतो आणि गप्प बसतो. इथे उत्तर फक्त त्या शंभर माणसांकडे असतं. ती माणसं कोण होती, यावर सगळा खेळ उभा आहे. आमच्या गटात जे झालं ते इथूनच झालं.

अडचण

धाकट्याने सुरुवातीला इंटरनेटवरचे तयार प्रश्न घेतले आणि मराठी करून विचारले. पहिल्याच शनिवारी एक प्रश्न आला: हवामानामुळे शाळेला अचानक सुट्टी का मिळते? मामांच्या संघाने क्षणात सांगितलं, “पाऊस.” त्यांच्या मागोमाग ‘पाणी तुंबलं’, ‘गाड्या बंद’. फलकावर अव्वल होता बर्फ. वहिनी म्हणाल्या, “अरे, २६ जुलैला माझी पोरगी शाळेत अडकली होती. मला बर्फ कुठून सुचणार?” २००५च्या त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. गटातल्या प्रत्येकाची त्या दिवसाची काही ना काही आठवण आहे. पुढचा प्रश्न ‘गॅरेजमध्ये काय ठेवता’ असा होता. मामा बेस्टमधून निवृत्त झालेले. त्यांनी पान्हा, जॅक, ऑइलचा डबा अशी चोख यादी दिली. प्रश्न होता घराला लागून असलेल्या गॅरेजबद्दल, जिथे अमेरिकेत लोक सायकली आणि गवत कापायचं यंत्र ठेवतात. त्या रात्री वयाने मोठी माणसं एकामागून एक हरली आणि इंग्रजी मालिका बघणारी मुलं जिंकली.

धाकट्याच्या हे लक्षात आलं. पुढच्या खेपेला त्याने मुंबईचे प्रश्न स्वतः लिहिले, उत्तरंही स्वतःच ठरवली आणि समोर अंदाजाने गुण टाकले. सर्वेक्षण असं काही झालंच नव्हतं. तरी काही शनिवार मजेत गेले, कारण प्रश्न आपले होते. मग तो वादाचा शनिवार आला.

प्रश्न होता, ‘कामावर उशिरा पोचल्यावर साहेबांना काय कारण सांगता?’ ‘गाडी लेट’ हे पहिलं उत्तर आधीच उघडलं होतं. मामांच्या संघाच्या दोन चुका झाल्या होत्या. मामांनी सांगितलं, “मेगाब्लॉक,” म्हणजे रेल्वे दुरुस्तीच्या कामासाठी काही तास मार्ग बंद ठेवते तो. धाकटा म्हणाला, ते ‘गाडी लेट’मध्येच आलं, म्हणजे चूक. तिसरी चूक झाली, डाव समोर गेला, वसईकरांनी ‘तब्येत’ सांगून सगळे गुण नेले.

मामांचं म्हणणं मी जसंच्या तसं देते, कारण ते ऐकण्यासारखं होतं. “मेगाब्लॉक रेल्वे आधी जाहीर करते. पेपरात येतं. गाडी लेट होणं अचानक असतं. साहेबाला मेगाब्लॉक सांगितला तर तो विचारणार, मग लवकर का नाही निघालास? म्हणजे ही दोन कारणं एक नाहीत.” धाकटा गडबडला. त्याने मामांना अर्धे गुण देऊ केले. त्यावर वसईकर उखडले. हा वाद चालू असतानाच मोफत कॉलची ४० मिनिटांची मर्यादा संपली आणि कॉल तुटला. पुन्हा जोडताना मामा आले नाहीत. पुढच्या शनिवारी निम्मी मंडळी नव्हती.

वरवर हा एका उत्तराचा वाद होता. खरी अडचण अशी होती की, मामांच्या प्रश्नाला उत्तर द्यायला धाकट्याकडे कोणी माणूसच नव्हता. खऱ्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाच्या मागे शंभर माणसं उभी असतात. तो फक्त त्यांचा निरोप सांगतो. इथे धाकट्याच्या मागे कोणीच नव्हतं, आणि वयाने सगळ्यात लहान असून तो साठी ओलांडलेल्या माणसाला ‘तुमचं चुकलं’ म्हणत होता. त्या वेळी त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच झालं असतं, असं माझं मत आहे.

आणखी एक कुरबूर आधीपासून होती. बझर म्हणून सगळे ‘टिंग’ ओरडायचे. ज्याच्याकडे फायबरचं कनेक्शन त्याचा आवाज आधी पोचायचा; मोबाइल डेटावरून खेळणाऱ्या कल्याणच्या ताईंचा नेहमी मागून. समोरासमोरच्या फेऱ्या त्या सलग हरत होत्या. तक्रार मात्र त्यांनी केली नव्हती.

पर्याय

मामांना परत आणायचं, यावर दुमत नव्हतं. कसं आणायचं, यावर होतं. ताईंनी प्रत्येकाला वेगवेगळा फोन केला. बँकेत अधिकारी असल्यामुळे रागावलेल्या माणसाचं म्हणणं पूर्ण होऊ देण्याची त्यांना सवय आहे, आणि त्या फोनमुळेच पर्याय समोर आले.

वहिनींना हा खेळच बंद करून हाऊजी खेळायची होती. हाऊजीत आकडा निघतो, तो सगळ्यांना सारखा असतो, वाद घालायला जागा नाही. म्हणणं खरं होतं. पण हाऊजीत बोलायला काही उरत नाही. प्रत्येक जण आपल्या तिकिटात डोकं घालून बसतो, आणि कॉल टिकवायचा तर बोलणं हवं होतं. अंताक्षरीचा विचारही झाला. ऑनलाइन अंताक्षरीत सगळ्यांनी मिळून गाता येत नाही, एकाचा सूर दुसऱ्याकडे उशिरा पोचतो आणि गोंधळ होतो. लॉकडाउनमध्ये ते करून पाहिलं होतं, म्हणून लगेच बाजूला पडलं.

सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजुषेची सूचना वसईहून आली. उत्तरं सिद्ध करता येतात म्हणून ती न्याय्य दिसते. पण गटातली दोन मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. दर शनिवारी तीच जिंकली असती.

धाकट्याने आणखी एक मार्ग सुचवला: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला सांगायचं की, मुंबईतल्या शंभर लोकांनी काय उत्तरं दिली असती ते गुणांसकट दे. त्याने एक नमुना दाखवलाही. यादी झकास होती, आकड्यांची बेरीज शंभर होती. ताईंनी एकच विचारलं, “हे आकडे मोजले कोणी?” कोणीच मोजले नव्हते. मामांची हरकत इथेही तशीच लागू होत होती, फक्त धाकट्याच्या जागी यंत्र आलं असतं. हा पर्याय सर्वांत कमी मेहनतीचा होता आणि बऱ्याच जणांना मोहात पाडत होता. तो नाकारला, हा मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय वाटतो.

उरला तो शेवटचा पर्याय, खरोखर माणसांना विचारायचं. मेहनतीचा, आणि जमेल की नाही याची खात्री नसलेला. ताईंनी त्याची जबाबदारी घेतली, पण एका अटीवर: मामांनी प्रश्न काढून द्यायचे. मामा लगेच हो म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी वहीतल्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यात ओळीने प्रश्न होते.

काय केलं

पहिला प्रश्न, विचारायचं कोणाला? खेळाडूंना आणि त्यांच्या घरच्यांना वगळायचं हे उघड होतं. सोपा मार्ग म्हणजे गूगल फॉर्म करून सगळ्यांच्या ऑफिसच्या गटांत टाकायचा. पण मग उत्तरं येणार ती ऑफिसात जाणाऱ्या, स्मार्टफोनवर टाइप करणाऱ्या माणसांची. ताईंना जुन्या चाळीतली म्हातारी माणसं, घरकाम करणाऱ्या बायका, दुकानदार हेही त्यात हवे होते. म्हणून काम वाटून दिलं. धाकट्याने फॉर्म पसरवला. वहिनींनी संक्रमण शिबिरातल्या जुन्या शेजारणींना फोन लावले आणि उत्तरं कागदावर उतरवली. मामा रोज संध्याकाळी बागेत बसतात, तिथल्या मंडळींना त्यांनी विचारलं. फॉर्ममध्ये नाव किंवा फोन नंबर मागितला नाही. फक्त वयाचा गट विचारला, आणि त्याचा पुढे उपयोग झाला.

शंभर माणसं भरली नाहीत. आली तेवढ्या उत्तरांची टक्केवारी काढायची असं ठरलं. मूळ खेळात माणसं शंभर असतात म्हणून माणसांचा आकडा आणि गुण एकच होतो; इथे तो हिशेब करून काढावा लागला. हे केलं नसतं तर फास्ट मनीचं २०० गुणांचं लक्ष्य निरर्थक झालं असतं. दोन खेळाडू, पाच प्रश्न, म्हणजे दहा उत्तरं. २०० गाठायला प्रत्येक उत्तराचे सरासरी २० गुण हवेत. ज्या प्रश्नाची उत्तरं फार विखुरतात त्याचं पहिलं उत्तरसुद्धा २०च्या आसपास अडकतं. म्हणून ‘आवडती भाजी’सारखे प्रश्न फास्ट मनीतून काढले आणि ‘पावसात भिजून घरी आल्यावर पहिलं काय करता’सारखे, दोन-तीन उत्तरांभोवती गोळा होणारे प्रश्न तिथे ठेवले.

प्रश्नांची निवडही सरळ नव्हती. अमेरिकन प्रश्नांत सासूवरचे प्रश्न भरपूर असतात. कोणीतरी ‘सासूबाईंची कोणती सवय खटकते’ हा प्रश्न सुचवला. कॉलवर एक सासू आणि तिची सून शेजारी बसून खेळतात. ताईंनी तो प्रश्न फॉर्ममध्ये जाण्याआधीच काढला. काही तरुणांना ते जास्त सांभाळून घेणं वाटलं. मला तो निर्णय योग्य वाटतो. अनोळखी माणसांनी दिलेलं उत्तरसुद्धा फलकावर उघडलं की घरातल्या माणसाला लागू शकतं, आणि कॉल संपल्यावर त्या दोघी एकाच घरात असतात.

मग आलं ते खरं किचकट काम, उत्तरं एकत्र करण्याचं. ‘वडापावबरोबर काय हवंच?’ या प्रश्नाला कोणी देवनागरीत ‘मिरची’ लिहिलं, कोणी ‘तळलेली मिरची’, कोणी रोमन लिपीत, कोणी चुकलेल्या स्पेलिंगने. स्प्रेडशीटच्या लेखी ही सगळी वेगळी उत्तरं. ‘लसणाची चटणी’, ‘लाल चटणी’, ‘सुकी चटणी’ एक करायची का? आणि ‘हिरवी चटणी’? ताईंनी एक कसोटी ठरवली: दोन उत्तरं एकाच वस्तूची किंवा कृतीची असतील तर एक, वस्तू वेगळी असेल तर वेगळं, मग एकीची माणसं कमी भरली तरी चालेल. त्यामुळे लाल, लसणाची आणि सुकी चटणी एक झाली, हिरवी वेगळी राहिली. किमान दोन माणसांनी दिलेलं उत्तरच फलकावर घ्यायचं, हेही ठरलं. ही सगळी जोडणी खेळाच्या आधी संपवायची, एका कागदावर लिहायची आणि तो कागद दुसऱ्या एका माणसाने तपासायचा. तपासणारा त्या शनिवारी खेळणार नाही.

मेगाब्लॉकचा प्रश्नही पुन्हा खऱ्या माणसांना विचारला. मध्य आणि हार्बर मार्गावरच्या लोकांनी ‘मेगाब्लॉक’ लिहिलं होतं, पश्चिम मार्गावरच्यांनी ‘जंबो ब्लॉक’. रेल्वेची कामं तीच, म्हणून ही दोन्ही एकत्र केली. ‘गाडी लेट’ वेगळं ठेवलं. दोन्ही फलकावर आले, मेगाब्लॉक खालच्या क्रमांकावर. मामांची बाजू लोकांनी उचलून धरली होती. ताईंनी त्यांना आधी काही सांगितलं नाही, कारण तो प्रश्न खेळायचा होता. मामांच्या संघाला तो न देता समोरच्यांना दिला, म्हणजे कोणालाच आगाऊ माहिती असल्याचा फायदा नको.

बझर काढून टाकला. मूळ नियमातच त्याची गरज कमी करायची सोय आहे: शेवटी हक्क मिळतो तो फलकावर वरच्या उत्तराला. मग आधी कोण बोललं हे बघायचंच कशाला? समोरासमोरच्या फेरीत दोघांनीही उत्तर कागदावर ठळक लिहायचं आणि सूत्रसंचालकाने ‘दाखवा’ म्हटलं की कॅमेऱ्यासमोर धरायचं. दोघांचं उत्तर एकच आलं तर पुढचा प्रश्न. ताईंचं नेटवर्क हळू असलं तरी त्यांच्या कागदावर त्याचा परिणाम होत नव्हता.

फास्ट मनीत दुसऱ्या खेळाडूने पहिल्याची उत्तरं ऐकता कामा नयेत. कार्यक्रमात त्याला बाजूला नेतात. इथे त्याला कॉलच्या वेटिंग रूममध्ये पाठवलं. एकाच घरातून दोघं खेळत असतील तर दुसऱ्याने दुसऱ्या खोलीत जायचं आणि दार लावायचं. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये ते शक्य नव्हतं, म्हणून तिथली दोघं या फेरीत एकत्र खेळत नाहीत. आवाज पोचायला लागणारा वेळ धरून दोन्ही वेळांत पाच-पाच सेकंद वाढवले. घड्याळ पहिला प्रश्न वाचून झाल्यावर सुरू करायचं, हा मूळ नियम तसाच ठेवला. आणि ४० मिनिटांत एक पूर्ण खेळ बसावा म्हणून फेऱ्या कमी केल्या, फास्ट मनीसाठी नवा कॉल ठेवला.

काय झालं

मामा परतले. त्या शनिवारी उशिरा येण्याचा प्रश्न निघाला आणि ‘मेगाब्लॉक’ फलकावर उघडला, तेव्हा त्यांनी फक्त “बघा” एवढंच म्हटलं. धाकटा खूष झाला, हे मला जास्त आवडलं. त्याच्यावरचं ओझं उतरलं होतं. आता कोणी हरकत घेतली की तो म्हणतो, “मी नाही, लोकांनी सांगितलं,” आणि कागद दाखवतो.

खेळाची भाषाही बदलली. आधी माणसं ‘मला काय वाटतं’ ते सांगायची. आता संघात कुजबुज होते, “बागेतली मंडळी काय म्हणाली असतील?” सकाळी उठल्यावर हाताला लागणारी पहिली वस्तू कोणती, या प्रश्नावर मुलं मोबाइलवर ठाम होती. मोबाइल पहिला आलाही. पण त्यांच्या एका काकूंनी ‘चष्मा’ सांगितला आणि तो फलकावर निघाला. ताईंनी नंतर वयाच्या गटानुसार तक्ता दाखवला. चष्म्याची जवळजवळ सगळी उत्तरं मोठ्या गटाची. त्यावर अर्धा तास गप्पा झाल्या, खेळ बाजूलाच राहिला, आणि कोणीही कॅमेरा बंद केला नाही.

सगळं जुळलं असं नाही. वसईच्या संघातला एक जण वादानंतर आला नाही तो आलाच नाही. त्याच्या मते अर्धे गुण देऊ केले तिथेच खेळाची लाज गेली, आणि पुढच्या सुधारणांमुळे ते बदलत नाही. ताईंनी त्याला दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा करायचा नाही असं ठरवलं. शिवाय मेहनतीचा प्रश्न आहेच. एका संचाची उत्तरं गोळा करायला, जुळवायला बरेच दिवस लागतात. त्यामुळे खेळ आता दर शनिवारी होत नाही. मधले शनिवार पुन्हा नुसत्या गप्पांचे. संच तयार करणाऱ्याला त्यावर खेळता येत नाही, म्हणून काम आळीपाळीने फिरतं.

वेगळं काय करता आलं असतं

गटात या मुद्द्यावर एकमत नाही, आणि मी माझं मत देते. वादाच्या रात्री धाकट्याने दोनपैकी एक करायला हवं होतं: निर्णय ठाम ठेवायचा, किंवा तो प्रश्नच रद्द करून फेरी नव्याने खेळायची. अर्धे गुण देण्याची मधली वाट दोन्ही संघांना अन्याय वाटली. रद्द करणं मला जास्त बरं वाटतं, कारण फलकावरची उत्तरं त्याची स्वतःची होती हे त्याला माहीत होतं. आता नियम केला आहे की, फेरी चालू असताना हरकत घ्यायची नाही. फेरी संपल्यावर कागद दाखवला जाईल आणि चूक आढळली तर फेरी बाद.

तयार प्रश्न सुरुवातीला वापरले त्यात गैर काही नव्हतं. खेळ आवडतो का हे कळायला ते पुरेसे होते. पण प्रश्न विचारण्याआधी ‘ही उत्तरं अमेरिकेतल्या लोकांची आहेत’ एवढं सांगितलं असतं, तर वहिनींनी कदाचित बर्फाचा विचार केला असता. कोणाला विचारलं हे खेळाडूंना आधी सांगायचं, ही सवय आता लागली आहे. प्रत्येक संचाच्या सुरुवातीला संच करणारा दोन वाक्यांत सांगतो: किती जुन्या चाळकऱ्यांना विचारलं, फॉर्म कुठे फिरला.

प्रश्न पसरवण्याआधी चार-पाच जणांवर तपासून पाहिले असते तर बरंच काम वाचलं असतं. ‘गावाहून येताना काय आणता’ या प्रश्नावर कोकणातल्या लोकांनी आंबे, फणस, काजू, कोकम लिहिलं, घाटावरच्यांनी वेगळंच. उत्तरं इतकी पांगली की फलक भरेना, आणि तोवर ती सगळी गोळा झाली होती. तो प्रश्न वाया गेला.

ताईंच्या सावकाश नेटवर्ककडे आधीच लक्ष जायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत म्हणून बझर तसाच चालू राहिला. ऑनलाइन खेळ ठरवताना, कोण कुठून आणि कशावर जोडलं जातं हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं, असं माझं म्हणणं आहे. सोसणारा माणूस स्वतःहून सांगेल यावर विसंबू नये.

पुढचा संच वहिनी करणार आहेत, स्वयंपाकघरावरचा. त्यांनी या वेळी फॉर्म ठेवलेला नाही. भिशीला जमणाऱ्या बायकांना तोंडी विचारणार आहेत. एकीने मोठ्याने उत्तर दिलं की बाकीच्या तेच उचलतात, म्हणून प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारा, असं ताईंनी त्यांना सांगितलं आहे. वहिनींचं म्हणणं, इतक्या बायकांना एकेक करून बाजूला नेलं तर भिशी व्हायची कधी? त्यावर तोडगा म्हणून चिठ्ठ्या वाटायचं ठरतंय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या चिठ्ठ्या वहिनींची मुलगी कानात विचारून लिहील.